चाळीस फोटोंनी पुसलेला नाकतोडा

फोटोत नाकतोडा नव्हता.

शर्वरीने फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा करून पाहिला, पडदा ओढणीने पुसूनही पाहिला. जांभूळटोल्याच्या तलावाचं शांत पाणी होतं. पाण्यात ढोकरी उभी होती (ढोकरी म्हणजे आपला तो मातकट छोटा बगळा, बसला की दिसत नाही आणि उडाला की पांढराशुभ्र). पण तिच्या चोचीपुढे तरंगणारा हिरवा नाकतोडा काही केल्या सापडेना.

आणि तो होता. शर्वरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ढोकरीने काठच्या गवतातून नाकतोडा पकडला, पण गिळला नाही. पाण्यावर अलगद ठेवला. वाऱ्याने तो वाहत चालला की चोचीने उचलून पुन्हा समोर आणून ठेवायची. तिसऱ्या खेपेला त्याला खायला एक मासोळी वर आली, आणि ढोकरीने मासोळीच मटकावली. माणूस गळाला आमिष लावतो, तशी एक बगळी आमिष लावून बसली होती.

"ढांग्या, नाकतोडा कुठाय?"

ढांग्या हा तलावावरचा निरीक्षक यंत्रमानव. तीन लांबलचक पाय, पोटावर फोटो दाखवणारा पडदा आणि वर कॅमेऱ्याचं डोकं. ही गोष्ट अजून वीसेक वर्षांनंतरची आहे, त्यामुळे गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं.

"फोटोत नाकतोड्याची नोंद नाही," ढांग्या अदबीने म्हणाला. "ढोकरीचा आणखी एक सुंदर फोटो दाखवू का?"

"तुझा सुंदर फोटो घाल चुलीत."

बारा वर्षांच्या मुलीला एवढा राग कशाचा, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. शर्वरीचे आजोबा श्रावण दिघोरे, म्हणजे आबा, यांचा सगळा जन्म या तलावात जाळं टाकण्यात गेला. सात वर्षांपूर्वी ढांग्या गावात आला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात तलावाची सभा भरली. त्या सभेत आबांनी ढोकरीची ही करामत सांगितली. महिन्याभराने पुढच्या सभेत भिंतीवर ढांग्याचे सहाशे फोटो दाखवले गेले. एकातही आमिष नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "बुढ्याने नावेत डुलकी काढली असंल." सगळी सभा हसली. त्या दिवसापासून गावात कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, झाली आबाची ढोकरी सुरू. आबा पुन्हा सभेला गेले नाहीत. पक्ष्यांबद्दल तर घरातही बोलेनासे झाले. शर्वरी तेव्हा पाच वर्षांची होती आणि आबांच्या मांडीवर बसली होती. ते हसणं ती विसरली नव्हती.

ती पाय आपटत तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, निरीक्षण खोलीत गेली. तिथे डॉ. कुमुदिनी वैरागडे बसल्या होत्या. प्रकाशशास्त्रज्ञ, नागपूरहून निवृत्त होऊन इथे राहायला आलेल्या. ढांग्या त्यांनीच बनवला होता. मुलं त्यांना कुमुदआजी म्हणत.

कुमुदआजींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे बघ बाळा, जगात काही बगळे असं करतात, मला माहीत आहे. पण आपल्या तलावात सात वर्षांत साठ हजार फोटो निघाले. एकदाही दिसलं नाही."

"मग मी खोटं बोलते?"

"तसं नाही. डोळे फसतात. तुझ्या आजोबांचेही तेव्हा..."

"आबांचं नाव काढू नका," शर्वरी म्हणाली. तिचे कान तापले होते. "दोन माणसांनी पाहिलं ते खोटं, आणि तुमच्या डब्याने पाहिलं नाही ते खरं. हा कुठला न्याय?"

कुमुदआजींना असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्या काहीतरी कडक बोलणार होत्या, पण शर्वरी गाल खाजवत पडद्याकडे पाहत होती. तिचं सगळं तोंड चिलटांनी फोडून काढलं होतं.

"आजी, सकाळी पाण्यावर चिलटांचे थवे होते. माझ्या तोंडात गेली, नाकात गेली. मग या फोटोत एकही चिलट कसं नाही?"

कुमुदआजींचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी फोटो पाहिला, मागचे दहा फोटो पाहिले. चिलट नव्हतं. कुठेच नव्हतं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ते माझंच काम."

त्यांनी कागद पुढे ओढला. "ढांग्या एक फोटो काढतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो वीस सेकंदांत चाळीस फोटो काढतो आणि त्यांचा मिळून एक बनवतो. त्याला बनवला तेव्हा चाचणीच्या प्रत्येक फोटोत चिलटं यायची. पक्ष्याच्या डोळ्यावर चिलट, चोचीवर चिलट. मी वैतागले आणि एक नियम लिहिला. फोटो चित्रबिंदूंचा बनतो (चित्रबिंदू म्हणजे फोटोतला सगळ्यात बारीक ठिपका), हे शाळेत शिकलीस ना? आता एकच ठिपका घे. त्या जागी चाळीस फोटोंत काय काय आहे ते बघायचं. समज, अडतीस फोटो म्हणतात पाणी आणि दोन म्हणतात चिलट. उजळपणाचे ते चाळीस आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मध्यक घ्यायचा (मध्यक म्हणजे रांगेतला बरोबर मधला आकडा). मधे कोण येईल?"

"पाणी."

"म्हणून पाणी राहतं आणि चिलट जातं. ढोकरी हलत नाही, तिच्या जागी चाळीसही फोटो म्हणतात ढोकरी. ती राहते. थोडक्यात, प्रत्येक ठिपक्यावर मतदान होतं."

शर्वरीने भुवया आवळल्या. "पण नाकतोडा दोनच फोटोंत नव्हता. तो चाळीसही फोटोंत होता."

"होता. पण वाहत होता, म्हणून प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी. कुठल्याच एका ठिपक्यावर त्याला बहुमत मिळालं नाही."

"आणि मासोळी?"

"ती तर एक-दोन फोटोंतच वर आली असणार."

"आणि ढोकरीची झडप?"

"तीही." कुमुदआजींचा आवाज बारीक झाला. "शिकारीतलं जे जे हलतं, ते सगळं."

मग मात्र शर्वरीचा राग उसळला. "म्हणजे तुम्हीच पुसलं, आणि मग म्हणालात, दिसत नाही. सात वर्षं तुम्ही रोज पुसत होता आणि लोक आबांना हसत होते."

कुमुदआजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि ताडकन उठल्या. साठवायला जागा पुरत नाही म्हणून ढांग्या मूळचे चाळीस फोटो रोज दुपारी बाराला पुसून टाकायचा. बाराला सात मिनिटं कमी होती.

शर्वरी पाळीवरून धावत सुटली. गुडघाभर पाण्यात शिरून ती म्हणाली, "ढांग्या, आज काही पुसू नकोस."

"क्षमा करा. हा आदेश फक्त डॉ. वैरागडे जवळ येऊन देऊ शकतात."

"असले नियम करतं तरी कोण," शर्वरी करवादली. कोण करतं ते मागून येतच होतं. सत्तरीच्या कुमुदआजी लुगड्याचा ओचा खोचून, चपला काठावर टाकून चिखलात उतरल्या होत्या. दोनदा घसरल्या. शर्वरीने तोंड वळवूनच त्यांना हात दिला. आदेश मिळाला. मूळचे फोटो वाचले.

खोलीत परत आल्यावर कुमुदआजी म्हणाल्या, "आता तो साफ केलेला फोटोच कामाला येईल. चाळीसपैकी प्रत्येक फोटोतून तो वजा करायचा. दोन्हींत जे सारखं, त्याची वजाबाकी शून्य, म्हणजे काळं. मग उरेल काय?"

"जे हललं ते."

पडदा काळाभोर झाला. त्यावर चिलटांचे ठिपके भिरभिरू लागले, आणि त्यांच्यामधून एक ठसठशीत ठिपका संथपणे डावीकडे सरकत गेला. त्याला सहा पाय होते. खालून एक लांबट रेघ वर आली, मासोळी. पुढच्या फोटोत ढोकरीची मान, बाणासारखी ताणलेली. शर्वरीने तेच फोटो एकामागून एक चार वेळा पाहिले.

"जुने परत मिळतील?" तिने विचारलं.

"नाही. रोज बाराला गेले ते गेले."

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला. कुमुदआजी म्हणाल्या, "चल, तुझ्या घरी जाऊ. मी आबांची माफी मागते."

"घरी नको. घरी गुपचूप माफी मागायची आणि गावात ते चिडवणं तसंच चालू ठेवायचं? जिथे हसलात तिथे मागा. तुम्हीही हसला होता, मी पाहिलंय."

कुमुदआजींनी मान खाली घातली. "हो. हसले होते."

शनिवारी सभा भरली. आबा येत नव्हते. शर्वरी म्हणाली, तुम्ही येईपर्यंत मी जेवणार नाही, तेव्हा कुरकुरत आले आणि दाराशी खांबाला टेकून बसले. कुमुदआजींनी भिंतीवर काळे फोटो दाखवले, मतदानाची गोष्ट सांगितली आणि मग आबांकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "श्रावणभाऊ, तुम्ही खरं सांगितलं होतं. चूक माझ्या नियमाची होती आणि हसण्यातली चूक माझी स्वतःची. आजपासून ढांग्या दोन फोटो ठेवील. एक साफ केलेला आणि एक, साफ करताना जे जे काढून टाकलं त्याचा. ते काढून टाकलेलं शर्वरी तपासणार आहे."

कुणी हसलं नाही. मागे एक-दोघे बाहेर काही दिसतं का ते पाहू लागले. शर्वरीने त्यांच्याकडे एकटक पाहून घेतलं. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि का जावा?

आबांनी भिंतीवरच्या नाकतोड्याकडे बोट दाखवलं.

"नाकतोडा तं काहीच नाही," ते म्हणाले. "घाटावर बाया मासोळ्यांले कणकेच्या गोळ्या टाकतात ना, त्यातली गोळी उचलून दूर नेऊन पाण्यावर मांडणारी ढोकरी बी म्या पाह्यली."

"मग सांगितलं का नाही?" कुमुदआजींनी विचारलं.

"कोणाले सांगाव?"

कुमुदआजींनी वही उघडली, पेन उघडलं आणि खुर्ची सोडून आबांजवळ खाली जमिनीवर येऊन बसल्या. शर्वरी दुसऱ्या बाजूला बसली.

"लिवाची काय घाई हाये," आबा म्हणाले. "ढांग्याले उद्या घाटावर उभा करा. सकाळी सातच्या आत. आन् मले बी बोलवा."