मयसभेत हसायचं नाही!

"वसू, शपथ घे! अध्यक्ष आल्यावर आत काहीही झालं तरी हसणार नाहीस!" गुंडोनं बजावलं.

"घेतली!" असं म्हणता म्हणताच वसुमती फिस्सकन हसली. या हसण्यापायी तिला वर्गात कितीदा बाकावर उभं राहावं लागे, तिथं चुलतभावाच्या शपथेची काय कथा!

दसऱ्याची सुट्टी होती. चामराजपेटच्या मैदानावर प्रदर्शन भरलं होतं आणि तिथं अंबुबाईंनी एका तंबूत पांडवांची मयसभा उभी केली होती. अंधारात शिरलं की पुढ्यात लाटा दिसत. कपडे वर धरून पाय टाकावा, तर खाली कोरडी काच! पुढं चौकटीची फरशी दिसली म्हणून निर्धास्त चालावं, तर घोटाभर पाणी! दुपारी तंबूवर झाडांची दाट सावली असताना वसू, गुंडो आणि शेजारची नयना, तिघंही सपशेल फसली होती. वसूला तर आपण खरंच इंद्रप्रस्थात आहोत असं वाटलं होतं.

पण दिवेलागणीनंतर जाणारे लोक चिडून बाहेर येत. "कसली मयसभा! काच ती काच दिसते, पाणी ते पाणी!" तक्रारी प्रदर्शनाचे अध्यक्ष नरसिंहराव यांच्या कानावर गेल्या होत्या. ते आज स्वतः पाहायला येणार होते, आणि तक्रार खरी निघाली तर उद्या तंबू उठणार होता.

"माझं डोळं बिघडलं का काच बिघडली, कायबी कळंना बघा," अंबुबाई म्हणाल्या. "आमच्या मालकांनी हातानं रंगवल्यालं हाय सगळं. ते गेलं, आता एवढंच राहिलंय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"दुपारी फसवणारी काच संध्याकाळी शहाणी कशी होते?" नयना पुटपुटली.

तिघं आत शिरली. काचेवर धुळीची पावलं स्पष्ट दिसत होती, पाणी चकाकत होतं.

"खाली काय बघताय? वर बघा!" वसू ओरडली.

तंबूचं कापड एका अंगानं पांढरंफटक उजळलं होतं! बाहेर स्वागताच्या कमानीवर नरसिंहरावांचं नाव झळकावं म्हणून नव्या ट्यूबलाइट लावल्या होत्या, त्याही तंबूला अगदी खेटून.

"अण्णा, स्वल्प, थोडा वेळ बंद करा ना!" गुंडोनं वायरमनला विनवलं.

"अध्यक्षांचं नाव अंधारात ठेवू? व्हा बाजूला!" म्हणत तो कॉफी प्यायला निघून गेला. शिडी मात्र तिथंच राहिली!

"घरच्या कांबळ्या!" नयना म्हणाली. तिघं धावत सुटली. थोड्याच वेळात तंबूवर जाड काळ्या कांबळ्या पसरल्या आणि मयसभेत पुन्हा अंधार झाला.

नरसिंहराव आले ते घाईतच. "आत सगळं लख्ख दिसतं म्हणे?"

"तुम्ही फसला नाहीत, तर खुशाल तंबू उठवा, काका!" वसू बोलून गेली. अंबुबाईंचा चेहरा उतरला.

लाटा दिसताच अध्यक्षांनी जरीकाठी धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि कोरड्या काचेवरून ते चवड्यांवर चालू लागले! वसूला उकळ्या फुटू लागल्या. पण आजोबांनी सांगितलेलं तिला आठवलं. दुर्योधन पडला, द्रौपदी हसली आणि पुढं सगळं महाभारत घडलं. इथं आपण हसलो तर अंबुबाईंचं काय? तिनं वेणीचं टोक दातांत धरलं.

"आता तर साधी फरशी!" म्हणत नरसिंहरावांनी धोतर सोडलं, पाय टाकला आणि थपाक्! बूट पाण्यात!

वसूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काय गं, रडतेस?"

"न... नाही काका. मी... हसत नाहीये!"

नरसिंहरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिजलेल्या धोतराकडे, आणि ते गडगडून हसले. "अगं, हस की! मी काय दुर्योधन आहे?"

मग मात्र वसूचं हसू जे सुटलं, ते मैदानभर ऐकू गेलं.

कांबळ्यांची हकिगत ऐकून नरसिंहराव जरा ओशाळले. "माझ्या नावापायी या बाईंचं बिऱ्हाड उठवत होतो की मी! त्या ट्यूबलाइट आत्ताच्या आत्ता काढा. आणि पोरांनो, शाबास!"

अंबुबाईंनी तिघांच्या तोंडावरून हात फिरवला. वसूला त्यांनी जवळ ओढून घेतलं.

"उद्यापासनं आत पाण्यापाशी तू उभी ऱ्हा, बाळ. आणि पोटभर हास," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं झाली, पण माझ्या मयसभेत द्रौपदीच नव्हती!"