सुईच्या गाठी सुटल्या नव्हत्या!

"गाठ सुटली आणि माझा कॉम्प्युटर थेट तळाला गेला!" दादाने होडीतून धक्क्यावर उडी मारली. "बांधला होता सुईने!"

दादासाठी कोरडा टॉवेल घेऊन धावत आलेली सुई जागच्या जागी थांबली. दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पायांतले रबरी पंख काढण्यात एकदम गढून गेला.

सुई आणि तिचा भाऊ भोंपू सुट्टीला मामाकडे आले होते. मामा लोकांना पाण्याखाली डुबकीला न्यायचा आणि दादा त्याच्याकडचा शिक्षक. पाण्याखाली जाणाऱ्याच्या मनगटावर एक डाइव्ह कॉम्प्युटर असतो. दिसायला जाडजूड घड्याळच! किती खोल गेलात, किती वेळ झाला, वर किती सावकाश यायचं, सगळं तो सांगतो. त्याचा पट्टा कधी दगा देईल याचा नेम नसतो, म्हणून मामाच्या दुकानात पट्टा काढून इलॅस्टिकची दोरी लावत. कॉम्प्युटरला वर दोन आणि खाली दोन भोकं. डावीकडच्या भोकांतून एक दोरी, उजवीकडच्या भोकांतून दुसरी, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना गाठ. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक तुटली, तर दुसरी धरून ठेवते.

हे सुईला शिकवलं कुणी? दादानेच! आठवडाभर शेजारी बसून, चुकलं की डोक्यात टपली मारून. "माझ्यापेक्षा तुझा हात चांगला आहे गं," असंही म्हणाला होता. त्या दिवशी सुई दोन पोळ्या जास्त जेवली होती!

आणि आता हाच दादा!

"सुई," धक्क्यावर उभ्या असलेल्या मामाचा आवाज चढला, "आजपासून सामानाला हात लावायचा नाही. आणि परवा तुला पहिल्यांदा खाली नेणार होतो ना? ते रद्द! गाठ मारता येत नाही, त्याला मी पाण्यात नेत नाही."

"पण मामा, मी प्रत्येक गाठ ओढून..."

"बहाणे नकोत!"

सुईने आशेने दादाकडे बघितलं. तो एक शब्द तरी बोलेल! दादाने टॉवेल तिच्या हातातून घेतला, तोंड पुसलं आणि दुकानात निघून गेला.

दुकानामागच्या हवेच्या टाक्यांच्या खोलीत सुई हमसून हमसून रडली. भोंपू आणि मामाची सात वर्षांची धाकटी तिच्यासमोर फतकल मारून बसले.

"ताई, गाठ खरंच सुटली असेल का गं?" धाकटीने विचारलं.

"गप गं!" भोंपू ओरडला. त्याचा आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रंही दचकावं. "माझी ताई बांधते म्हणजे बांधते!"

"तो काहीच बोलला नाही रे," सुई म्हणाली. "मामा ओरडला त्याचं एवढं नाही वाटलं. पण दादाला माहितीये मी कशी बांधते. तरी तो गप्प बसला!"

"मग आपण शोधून काढू!" भोंपूने बाही वर केली. "चल, आधी कामाचं टेबल!"

टेबलाखाली कचऱ्याची बादली होती. भोंपूने ती सरळ फरशीवर पालथी केली. जुने वॉशर, चिकटपट्टी, केळीची साल... आणि काळ्या इलॅस्टिकचे बारा तुकडे!

सुईने ते उचलले. प्रत्येकाच्या एका टोकाला गाठ होती आणि गाठीच्या पुढचं टोक वितळवून चपटं केलेलं.

"या माझ्या गाठी आहेत," ती पुटपुटली. "लायटरने वितळवून मी चमच्याच्या पाठीने दाबते. दुसरं कुणी चमचा वापरत नाही."

"आणि दुसरं टोक?"

"कात्रीने कापलंय. बरोबर मधोमध! अरे, माझ्या गाठी सुटल्याच नाहीत!"

"ताई, हे बघ ना," धाकटी खुंटीवर टांगलेल्या दोन कॉम्प्युटरांकडे बोट दाखवत होती. "परवा यांना चार चार गाठी होत्या. मी मोजल्या होत्या. आता एकच आहे!"

सुईने एक कॉम्प्युटर खाली काढला आणि उलटसुलट करून पाहिला. चारही भोकांतून एकच लांब दोरी फिरवून शेवटी एक गाठ मारलेली होती.

"जाड सूट!" ती म्हणाली. "पाणी गार झालंय म्हणून परवापासून सगळे जाड सूट घालतात. माझ्या दोऱ्या त्यावरून आखूड पडल्या असणार. चार गाठी नव्याने मारायचा कंटाळा, म्हणून दादाने कापून हे असं केलं. त्याचा बुडालेलाही असाच बांधलेला असणार! आणि हे दोन्ही चार वाजताच्या होडीतून जाणार आहेत!"

घड्याळात साडेतीन वाजले होते.

"मामाला सांगू!"

"नुसतं सांगून ऐकेल तो? दादा म्हणेल, हेही सुईनेच बांधलं. त्याच्या तोंडूनच निघायला हवं."

मामा मागच्या खोलीत हवेच्या टाक्या भरत होता. भरायचं यंत्र सुरू असलं की कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू जात नसे. टाकी भरून यंत्र थांबण्याची वाट बघत सुई आणि भोंपू दाराआड उभे राहिले. भोंपूने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, बिचारा!

यंत्र थांबलं. धाकटी ठुमकत कामाच्या टेबलाशी आलेल्या दादासमोर गेली आणि खुंटीवरचे कॉम्प्युटर दाखवून म्हणाली, "दादा, हे किती छान बांधलंय! सुईताईने ना?"

"हॅ! तिचं जाड सुटावर चढत तरी होतं का? मी बांधलेत ते, दोन मिनिटांत एकेक!"

"तू?" मामा टाकी सोडून दारात आला.

भोंपूच्या तोंडावरचे हात सुटले. "मामाऽऽ! पकडलाऽऽ!"

दादा पांढराफटक पडला. सुईने ते बारा तुकडे मामाच्या तळहातावर ठेवले. मग दादाने बांधलेला कॉम्प्युटर भोंपूच्या हातावर चढवला, त्याला हात पाण्याच्या टबावर धरायला लावला आणि कात्रीने एका बाजूची दोरी कापली. दोरी सगळ्या भोकांतून सरसर निसटली आणि कॉम्प्युटर डुबुक्!

"मामा, तुझ्या मनगटावरचा मी बांधलाय. तू स्वतः काप एक दोरी."

मामाने एक दोरी कापली, टबावर हात जोरजोरात झटकला. कॉम्प्युटर मनगटाला धरूनच होता.

"चारची होडी थांबवा," मामा बाहेरच्या माणसांना म्हणाला. मग तो दादाकडे वळला. "खाली माणसांचा जीव याच्यावर असतो. आणि तू एका पोरीच्या मागे लपलास?"

"मी सांगणारच होतो..." दादा चाचरला.

"कधी?" सुईने विचारलं. "माझी डुबकी रद्द झाली, मी रडले, तेव्हा तू दुकानातच होतास ना?"



मामा सुईसमोर उकिडवा बसला. "मी गाठ न बघताच तुला बोललो. चुकलंच माझं. आज तुम्ही तिघांनी दोन माणसांना वाचवलंत. परवा तुला मी खाली नेणार, आणि होडीवरचा प्रत्येक कॉम्प्युटर तू तपासल्याशिवाय होडी हलणार नाही!" भोंपूच्या पाठीवर इतकी जोरात थाप पडली की त्याला खोकला आला. धाकटीला मामाने खांद्यावरच बसवलं.

सुईने दोन्ही कॉम्प्युटरांना लांब दोऱ्या ओवून नव्याने गाठी मारल्या. तेवढ्यात दादा येऊन समोरच्या स्टुलावर बसला. त्याच्या हातात दुकानातला जुना कॉम्प्युटर होता.

"माझाही बांधशील?"

सुईने दोरी मापली. चार गाठी मारल्या, वितळवल्या, चमच्याने दाबल्या. एकेक दोरी ओढून पाहिली, मग पुन्हा ओढून पाहिली.

"अजून रागावलीस?" दादाने हळूच विचारलं.

"हो. खूप."

"मग एवढं जपून का बांधतेस?"

"पाण्याखाली जायचंय ना तुला!" सुईचे डोळे पुन्हा भरून आले. "राग आला म्हणून काय कच्चं बांधू?"

दादाने मनगट पुढे केलं, पण तिने कॉम्प्युटर टेबलावर ठेवला आणि ती होडीवरच्या बाकीच्यांची मनगटं तपासायला गेली.