शिट्टीनंतरचे दहा सेकंद

गारा पडायला लागल्या म्हणून तो आत शिरला, नाहीतर स्टेडियमच्या तळघरातल्या त्या खोलीचं दार उघडायची बुद्धी कुणाला व्हायची नाही. लिबी ह्रुस्का अंधारात एकटीच बसली होती. पडद्यावर चाळीस वर्षांपूर्वीची मॅच चालू होती. चव्वेचाळीस नंबरचा एक दणकट माणूस चेंडू घेऊन पळणाऱ्याला धाडकन आडवा करत होता, आणि लिबी तोच क्षण पुन्हा पुन्हा मागे नेत होती.

"अर्धं पाऊल उशीर झाला त्याला," दारातून आवाज आला.

लिबी दचकलीच. भिजलेलं जॅकेट, केसांत अडकलेल्या गारा, दारात मावेनात असे खांदे... तिने लगेच ओळखलं. त्याला न ओळखणारं गावात होतं कोण? ओमाहाचा थेरॉन पेटवे, बावन्न नंबर. कॉलेजच्या बचावाचा यंदाचा हुकमी एक्का.

"उशीर? त्या एका मॅचमध्ये त्याने सतरा जणांना पाडलं होतं!"

"पाडलं असेल गं. तेव्हा समोरची पोरं होती केवढीशी! आजच्या फळीसमोर उभा कर त्याला. चेंगरून जाईल बिचारा."

"तो बिचारा माझा बाप आहे."

वरच्या बाकांवर गारांचा ताशा तेवढा वाजत राहिला.

"मायलो ह्रुस्का?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे... 'कुलूप' ह्रुस्का? आणि मी आत्ता तुझ्यासमोर..."

"हो. आत्ता."

"मी जरा... गारा थांबल्या का बघतो."

"बस मुकाट्याने. खुर्ची मोडकी आहे, पण तुझ्यापेक्षा जड माणसं सांभाळलीयत तिने."

तो हसला. एका बाजूनेच हसायचा तो, आणि त्या बाजूच्या गालावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ होता. लिबीने घाईघाईने मान पडद्याकडे वळवली. बघायला नको ते आपण बघितलं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

कॉलेजच्या फुटबॉलला, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकन खेळाला, त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. शेवटच्या मॅचला शतकातला सर्वश्रेष्ठ बचावपटू जाहीर व्हायचा होता. नावं तीन. ऑगी ब्रँट १९५३ सालचा. तोंडापुढे जाळी नसलेलं हेल्मेट घालून साठही मिनिटं मैदानावर राहायचा, हल्ल्यालाही तोच आणि बचावालाही तोच. दुसरा मायलो ह्रुस्का, ज्याच्या बाजूने वाट निघायचीच नाही म्हणून गावाने ज्याला 'कुलूप' म्हटलं तो. आणि तिसरा थेरॉन. तिघांचे उत्तम क्षण शेजारीशेजारी जोडायचं काम लिबीकडे होतं; कॉलेजच्या मॅचचं चित्रणही तीच करायची. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, जिथे जावं तिथे हाच वाद, आणि म्हातारे तर हमरीतुमरीवर यायचे.

थेरॉन मग रोज दुपारी यायला लागला. कारण रोज नवीन.

"ऑगीचं वजन किती होतं, ते विचारायचं राहिलं काल."

"काल विचारलंस. परवाही विचारलंस."

"मग आज उंची सांग."

"पावाच्या दुकानातून जर्दाळूचे कोलाचे आणलेस? नाही ना? मग उंची नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने जर्दाळूचं सारण भरलेले ते गोड पाव डझनभर आणले. पडद्यावर तीन काळ शेजारीशेजारी धावत आणि अंधारात दोघांची बोटं एकाच पुडक्यात जात. एकदा लागली एकमेकांना... दोघांनीही काढली नाहीत. "प्रोफेसरबाई," तो चिडवत हळूच म्हणाला, "खरं सांग, तिघांत कोण भारी?"

"माझं काम फक्त फिती जोडायचं," लिबी म्हणाली.

लिबीला शनिवारची, मॅचच्या दिवसाची भीती वाटायची. कुणालाही न सांगता वाटायची. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा दोघंच. सकाळी बाबा एका पायात बूट घालून उभा राहायचा, पुढे काय करायचं ते आठवेपर्यंत. टोस्टरमधून पाव उडाला की हाताने डोकं झाकून घ्यायचा. साठीसुद्धा झाली नव्हती त्याची. गावाला वाटायचं, कुलूप हल्ली जरा माणूसघाणा झालाय.

आणि फिती जोडताना तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. मॅचचं चित्रण करणारा शिट्टी वाजली की कॅमेरा बंद करतो, हा ऑगीच्या काळापासूनचा शिरस्ता. पण कधी त्याचा हात उशिरा जातो. मग टक्करीनंतरचे आठ-दहा सेकंद फितीच्या शेपटीला राहून जातात, आणि ते बिनकामाचे म्हणून कापून टाकायचे असतात. लिबीने ऑगीचे, बाबाचे तसले तुकडे टाकले नव्हते. त्यांत बाबा उठायचा. डावा हात हनुवटीखाली न्यायचा, हेल्मेटच्या पट्ट्याचं बटण चाचपायचा... ते सापडायचं नाही. मग तो भलत्याच घोळक्याकडे, पुढचा डाव ठरवायला जमलेल्या समोरच्या संघाच्या घोळक्याकडे चालायला लागायचा, आणि कुणीतरी बाही धरून त्याला परत आणायचं. प्रेक्षक हसायचे.

शेवटून दुसऱ्या शनिवारी लिबी नेहमीसारखी मैदानालगतच्या मनोऱ्यावर कॅमेऱ्यामागे होती. मक्याच्या उघड्या शेतांवरून बोचरा वारा येत होता. तिसऱ्या सत्रात थेरॉन धावत सुटला आणि अशी टक्कर झाली, की साठ हजार माणसं एकदम उभी राहिली. शिट्टी झाली. लिबीचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला.

तो उठत नव्हता.

मग उठला. टाळ्या कडाडल्या. त्याने डावा हात हनुवटीखाली नेला, बटण चाचपलं... पुन्हा चाचपलं. आणि तो शांतपणे समोरच्या संघाच्या पांढऱ्या घोळक्याकडे चालू लागला.

खाली कुणीतरी त्याची बाही धरली आणि लोक हसले.

सोमवारी तो कोलाचे घेऊन हजर. "एवढा चेहरा पाडायला काय झालं? डॉक्टरांनी चाचणी घेतली, पास झालो. शनिवारी खेळतोय."

"एवढ्यात पास? कसा?"

त्याने दाराकडे बघून आवाज उतरवला. "कुणाला सांगू नकोस. ऑगस्टमध्ये हंगामाआधी सगळ्यांना कॉम्प्युटरपुढे बसवतात. शब्द आठवा, आकृत्या ओळखा. ते मुद्दाम वाईट करायचं. मग डोक्याला लागलं तरी तेवढेच गुण मिळवले की झालं. सगळेच करतात गं!"

"आणि हसतोयस?"

"लिबी, तीन व्यावसायिक संघांची माणसं येतायत शनिवारी. फक्त मला बघायला. शिवाय तुझ्या बापाच्या पुढे जायला एवढी एकच मॅच उरलीय माझ्याकडे."

तिने पुडकं न उघडताच बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बुधवारी घरी जेवायला ये. बाबाला भेटायचं म्हणत होतास ना?"

बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. लिबीने खिमा-राजम्याची तिखट चिली केली होती, सोबत दालचिनीचे गोड रोल. बाबाचा दिवस चांगला होता. त्याने मिठाच्या, मिरीच्या डब्या टेबलावर खेळाडूंसारख्या मांडल्या.

"समोरच्याचा चेहरा बघायचा नाही, पोरा. डाव सुरू व्हायच्या आधी त्याचा जमिनीवर टेकलेला हात बघायचा. बोटांची पेरं पांढरी पडली की समज, भार पुढे आहे. तो अंगावर येणार. पेरं लालच राहिली, तर मागे सरकणार."

"बाप रे, सर!" थेरॉनचे डोळे चमकले. "हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

बाबा खूश झाला. दोन घास खाल्ले. मग त्याने पुन्हा डब्या मांडल्या. "समोरच्याचा चेहरा बघायचा नाही, पोरा..."

थेरॉनने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही "हो सर, हो सर" म्हणत ऐकलं, पण त्याचा चमचा वाटीतच थांबला होता.

"आणि एक गुपित सांगतो." बाबा पुढे वाकला, डोळे मिचकावत. "डोक्याला लागलं की डॉक्टर बोटं दाखवतो. किती? न बघता म्हणायचं, दोन. तो नेहमी दोनच दाखवतो! सहा वेळा फसवला मी त्याला." तो पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला आणि रोलची थाळी घेऊन उभ्या असलेल्या लिबीकडे कुतूहलाने बघू लागला. "ही पोरगी कोण रे? किती प्रेमाने वाढते. तुझी का?"

लिबीने थाळी टेबलावर ठेवली.

"अजून नाही, सर," थेरॉन अगदी हळू म्हणाला. "व्हावी असं फार वाटतं."

लिबी स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ती आपली व्हावी असं म्हणालं होतं, आणि ते ऐकून तिला हंबरडा फोडावासा वाटत होता.

शुक्रवारी तिने त्याला तळघरात बोलावलं. पडद्यावर तीन चौकटी होत्या. डावीकडे काळापांढरा ऑगी, मध्ये बाबा, उजवीकडे गेल्या शनिवारचा थेरॉन.

"टक्कर कुठे आहे?" त्याने विचारलं.

"ती सगळ्यांनी बघितलीय. हे शिट्टीनंतरचं आहे. कापून टाकलेलं."

तिघे उठले. तीन डावे हात तीन हनुवट्यांखाली गेले. तीन हात चाचपत राहिले. मग सत्तर वर्षांच्या अंतराने तीन माणसं भलत्याच घोळक्याकडे चालू लागली.

"तू रोज विचारायचास ना, कोण भारी?" लिबी म्हणाली. "सांग आता. कोण भारी?"

"मी तुझा बाप नाही, लिबी!" तो उठलाच. मोडकी खुर्ची कलंडली.

"माहीत आहे. त्याच्यासाठी आता मला काही करता येत नाही. तुझ्यासाठी येतं. तू नाही सांगितलंस तर उद्या सकाळी मी ही फीत डॉक्टरांना दाखवणार. मग तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल..." तिने ओठ चावला. "नाही. मुळीच चालणार नाही. पण दाखवणार."

तो गेला. दार इतक्या जोरात आपटलं, की पडद्यावरची तिन्ही माणसं हलली.

शनिवारी सकाळी लिबी डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोचली तेव्हा फीत तिने छातीशी घट्ट धरली होती. आपण काय गमावणार आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. चार वेळा तिचे पाय मागे फिरले होते. तिने दारावर टकटक करायला हात उचलला... आणि काचेतून तिला खांदे दिसले. दारात न मावणारे ते खांदे कॉम्प्युटरपुढे वाकले होते. शेजारी डॉक्टर गंभीरपणे काहीतरी लिहून घेत होते.

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. तिला बघून भिंतीला टेकला आणि सावकाश खाली बसला. ती शेजारी बसली.

"खेळत नाहीये मी," तो म्हणाला. "आज नाही. पुढचं... पुढचं कुणालाच माहीत नाही."

"माझ्यामुळे?"

"तुझी फीत बघून चिडलो. रात्रभर चिडून होतो." तो बुटाच्या नाड्यांकडे बघत राहिला. "लिबी, एक गोष्ट सांगितली नव्हती तुला. ऑगस्टमध्ये मी मुद्दाम चुकलो होतो. पण या सोमवारी... सोमवारी मी एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही. जीव तोडून सोडवलं. आणि गुण तेवढेच आले."

लिबी त्याच्याकडे वळली.

"म्हणून हसत होतो. फार भीती वाटली होती म्हणून." त्याने मान वर केली. डोळे भरले होते. "तुझ्या बापाने तुला ओळखलं नाही तेव्हा मला तुझा चेहरा दिसला. उद्या मी तुला तसं विचारीन, ही कोण म्हणून... ते मला नकोय. मला तू हवीस. आणि तू कोण ते ठाऊक असायला हवंय."

लिबीने नुसता हात त्याच्यासमोर धरला. बोटं वर. त्याने 'दोन' म्हटलं नाही. घाई केली नाही. डोळे बारीक करून तो बराच वेळ बघत राहिला.

"तीन," तो म्हणाला. "पण मोजावी लागली."

तिने तीच तीन बोटं त्याच्या गालावर टेकवली. पट्ट्याचा वळ होता तिथे.

दुपारी तो उजेड सोसत नाही म्हणून काळा चष्मा लावून, धापा टाकत मनोऱ्यावर चढला. फक्त पहिली दहा मिनिटं, मग लिबी त्याला घरी सोडणार होती. उरलेल्या मॅचसाठी तिने बदली माणूस सांगून ठेवला होता. शतकातला सर्वश्रेष्ठ म्हणून गावाने ऑगी ब्रँटला निवडलं होतं. मेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

"तुझ्या बापावर अन्याय झाला," थेरॉन म्हणाला.

"आणि तुझ्यावर?"

"मला अजून त्यांच्या डब्यांचा खेळ शिकायचाय. चौथ्यांदा." तो जवळ सरकला. "घाबरलीयस अजून?"

"खूप. तू?"

"खूप," तो म्हणाला, आणि त्याने तिचा मोकळा हात धरला.

खाली बावन्न नंबरच्या जागी पहिल्या वर्षाचा एक पोरगा उतरला होता. तो धावत सुटला, जोरात धडकला, आणि जमिनीवर पडला. साठ हजार माणसं ओरडली. शिट्टी झाली.

लिबीने कॅमेरा बंद केला नाही.

"एक..." थेरॉन पुटपुटला. तिनेही ओठ हलवले. दोन. तीन. चार. हातात हात इतका आवळला होता, की पेरं पांढरी पडली होती. सहाला पोरगा गुडघ्यावर आला. आठला उभा राहिला. नऊला त्याने आजूबाजूला बघितलं.

आणि दहाला तो वळून आपल्याच घोळक्यात गेला.