हाकेआधी

रविवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या मशीनरूममध्ये शिरले ती जेमतेम दहा मिनिटांच्या कामासाठी. तिथला एसी बंद पडला होता. मेकॅनिक येईपर्यंत तिथलं कॉम्प्युटरचं यंत्र तापू नये म्हणून त्याचा वेग खाली बांधून ठेव, असा साहेबांचा फोन आला होता. आई वरच्या मजल्यावर ॲडमिट होती, त्यामुळे मी इमारतीतच होते.

ही नोकरी आधी माझ्या मामाची. कामही त्यानंच शिकवलं, आणि गेल्या हिवाळ्यात तो गेला. यंत्राच्या प्रोसेसरवर, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या चिपवर, त्याचा भारी जीव. काम नसलं की हा पठ्ठ्या सेकंदाला ऐंशी कोटी ठोक्यांवर निवांत पडून राहतो. काम आलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत साडेतीनशे कोटींवर, आणि काम संपलं की पुन्हा खाली. ना कुरकुर, ना मिजास. माणसाला हे साठ वर्षांत जमत नाही, असं मामा म्हणायचा, आणि मलाही त्या एवढ्याशा चिपचं अजून कौतुक वाटतं. मामाची एकच खोड होती. गर्दी होणार असं वाटलं की तो यंत्राच्या कपाटावर दोन टिचक्या मारायचा आणि वेग आधीच वाढवून ठेवायचा. यंत्र हाकेला ओ देतं, आपण हाकेआधी उभं राहायचं, हे त्याचं म्हणणं.

मी वेग ऐंशी कोटींवर बांधला. पंखे मंदावले. तापलेल्या धुळीचा वास तेवढा उरला. घाईत एक गोष्ट माझ्या डोक्यातून पार निसटली होती. आईच्या वॉर्डातल्या बारा खाटांवरचे हृदयाचे ठोके हेच यंत्र तपासत होतं, आणि अलार्मही तेच वाजवायचं.

मी दाराशी पोचले, तोच मागून आवाज आला. टक्... टक्.

पंखे चढले. स्क्रीनवर साडेतीनशे कोटी, आणि वापर मात्र जवळजवळ शून्य. मी पुन्हा वेग बांधला. तो पुन्हा चढला. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा त्या उकाड्यात कीबोर्ड बर्फासारखा गार लागला, आणि मी हात मागे घेतला.

अर्ध्या मिनिटानं काम आलं, एकदम धो धो. खाट सात. आईची.

मी धापा टाकत वर पोचले तेव्हा नर्स आणि डॉक्टर आईपाशी होते. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले.

"अलार्म वेळेवर वाजला म्हणून... थोडा जरी उशीर झाला असता तर..."

एवढं बोलून ते पुन्हा आत गेले.

संध्याकाळी मी नोंदी काढल्या. वेग कुणी बदलला ते त्यात नावानिशी असतं. दोन्ही वेळा वेग चढवला होता मामाच्या खात्यावरून. ते खातं तो गेल्यावर मी माझ्या हातानं काढून टाकलं होतं. तिसरी नोंदही त्याचीच, काम संपल्यावर वेग खाली आणल्याची. वीज फुकट गेलेली त्याला कधीच खपायची नाही. मी तिथेच बसून रडले. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

आई आता घरी आली आहे, आतल्या खोलीत झोपली आहे. म्हणून तर तुमच्याशी एवढं निवांत बोलतेय. हा टेबलावरचा लॅपटॉप मामाचाच. सकाळपासून नुसता उघडा पडलाय, काही चालू नाही त्यावर.

थांबा जरा... त्याचा पंखा चढलाय, ऐकू येतोय ना तुम्हालाही?

वापर शून्य दाखवतोय.

"आई... जागी आहेस का गं?"