जास्वंदीचं हिरवं रक्त

चंद्रावरच्या वसाहतीत जास्वंदीचं एकच झाड होतं, आणि त्यातून हिरवं रक्त गळत होतं.

निदान शेजारी तसं म्हणत. लालभडक फूल कुंडीखालच्या बशीत पडायचं आणि थोड्या वेळाने बशीतलं पाणी हिरवं व्हायचं. पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. लांबून बघितलं तर काचेबाहेरच्या काळ्या आकाशाकडे कुणीतरी हाडकुळे हात पसरलेत असं वाटे. झाड ज्या बोळात होतं तिथून लोक घाईने जात, त्याच्याकडे न बघता.

झाड चार्वीचं. आईने पृथ्वीवरून निघताना दिलेल्या फांदीपासून तिने ते वाढवलं होतं. आई अजून खालीच होती. आज चार वाजता आरोग्य-रोबो खंडू ते भट्टीत टाकणार होता. त्याच्या अहवालात ‘अज्ञात रोग’ असं लिहिलं होतं. खंडूला जे कळत नसे ते अज्ञात, आणि अज्ञात ते भट्टीत. कार्यालयं सगळीकडे सारखीच.

चार्वीचे आजोबा रसायनशास्त्रज्ञ. तीस वर्षं ते डोक्याला जास्वंदीचं तेल चोळत होते. तिथे चंद्रापेक्षा जास्त काही उगवलं नव्हतं. खंडू दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी चार्वीला पाकळ्या चुरगळून दोन वाट्यांत घालायला सांगितलं. एकीत लिंबू पिळलं, रंग लाल राहिला. दुसरीत बशीतलं पाणी ओतलं, रंग बघता बघता हिरवा झाला. खंडू दोन पावलं मागे सरला.

“रक्त नाही हे,” आजोबा म्हणाले. “जास्वंदीचा रंग आंबटात लाल दिसतो आणि अल्कधर्मी (आंबटाच्या उलट, साबणासारख्या) पाण्यात हिरवा. म्हणजे या मातीत कुणीतरी साबण...”

ते थांबले. हात गुळगुळीत हनुवटीवर गेला. इथे पाण्याचा थेंबही वाया घालवायचा नाही असा नियम, म्हणून ते रोज दाढीचा मग कुंडीत रिकामा करत, वर झाडाची विचारपूसही करत.

“आजोबा, तुम्ही?”

“सहा महिने,” ते म्हणाले, आणि पुढचं त्यांनी खाली बघत समजावलं. मातीत लोह भरपूर होतं, पण अल्कधर्मी मातीत ते नीट विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. लोहाशिवाय हरितद्रव्य (पानाला हिरवं ठेवणारा, अन्न बनवणारा पदार्थ) तयार होत नाही. ताट वाढलेलं, पण तोंड शिवलेलं.

खंडूने कुंडी उचलली. चार वाजले होते.

“रोग अजून अज्ञात आहे का रे?” चार्वीने विचारलं.

खंडूने अहवालातला ‘अज्ञात’ शब्द खोडला. मग छातीवरचा तांबडा दिवा विझला आणि कुंडी जागेवर आली.

साबणाचं पाणी बंद झालं. बादलीभर पाण्यात चमचाभर लिंबू सुरू झालं. विसाव्या दिवशी शेंड्याला संपूर्ण हिरवं पान फुटलं. चार्वीने त्याचा फोटो आईला पाठवला. आता शेजारी आपापल्या कुंड्यांचं पाणी तपासायला तिच्याकडे पाकळ्या मागतात. पुढच्या महिन्यात चंद्रावरच्या, कधीच ऊन न पडणाऱ्या काळ्या दरीतल्या बर्फाचं पाणी येणार आहे. ते शेतात सोडण्याआधी पहिली चाचणी जास्वंदीच करणार.

आजोबा अजून मग घेऊन त्याच बोळातून जातात. ते जवळ आले की झाड जरासं मागे झुकतं, असं चार्वी म्हणते. हवा फिरवणारे पंखे बंद असले तरी.