प्रमाण नमुना

सुगंधा तांडेलने नळ सोडला, थोडी धार वाहू दिली आणि बोटाच्या टोकावरचा एक थेंब ओट्यावरच्या थेंबमापीच्या काचेवर टेकवला. दीर्घ श्वास घेऊन सोडेपर्यंत हिरवा दिवा लागला. मग तिने कळशी नळाखाली ठेवली.

खाडीकाठच्या कांदळवाडीतच नव्हे, राज्यातल्या घराघरात आता पाणी असंच भरलं जाई. पूर्वी ज्या तपासणीला खोलीभर यंत्रं लागत, ती काडेपेटीएवढ्या डबीत होऊ लागली होती. शिसं, पारा, कीटकनाशकं, जंतू, काहीही असलं तरी दिवा तांबडा होई. लोकांचा देवावर नसेल एवढा त्या हिरव्या दिव्यावर विश्वास बसला होता.

"बघा मॅडम," सुगंधा म्हणाली. "पाण्यात काय नाय. मग माझ्या पोरीला काय झालंय?"

केतकी सरमळकर सरकारी जल-प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. तिची नजर जमिनीवर बसलेल्या सहा वर्षांच्या ऊर्मीवर खिळली होती. मुलीने पेजेची वाटी दोन्ही हातांत धरली होती, पण हात असे कापत होते की वाटी ओठांपर्यंत पोचेना. पेज फ्रॉकवर सांडली. ऊर्मी रडली नाही. पुसायला आईकडे फडकं मागितलं. वाडीत अशी आणखी दहा मुलं होती.

डॉक्टरांचा संशय व्हेरोसिलवर होता. सौरपट्ट्यांपासून खाऊच्या पाकिटांपर्यंत सगळ्यावर चढवलेला हा पातळ लेप न कुजणारा, न विरणारा. खाडीच्या वरच्या अंगाला त्याचे कारखाने होते. तो मज्जातंतूंत साठत असावा, असं काही उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं.

"थेंबमापी खोटं बोलत नाही," केतकी म्हणाली. "पण ती एवढंच सांगते की या थेंबात मला काही सापडलं नाही. विष फारच विरळ असेल, तर एका थेंबात दिसण्याइतकं येतच नाही."

सुगंधाने नळ बंद केला. "म्हणजे पागाचं जाळं टाकायचं सोडून आम्ही वाटी बुडवून मासे बघतोय."

"अगदी तसंच. मला मोठा नमुना हवा. चाळीस लिटर."

वाडीतल्या बायकांनी कॅन भरून गाडीत चढवून दिले. प्रयोगशाळेत केतकीने आणि तिचा सहकारी रईस परकार याने ते पाणी एका बारीक शोषक नळीतून हळूहळू सोडलं. पाणी निघून जाई, व्हेरोसिल नळीतल्या भुकटीला चिकटून राही. मग चमचाभर द्रावकाने ती भुकटी धुतली. आठ लाख थेंबांतला ऐवज आता त्या चमच्यात होता. यंत्राच्या पडद्यावर रेघ सरळ सरळ गेली आणि अचानक सुळक्यासारखी उठली.

केतकीने टेबलावर मूठ आपटली. "सापडला!"

"थांब," रईस म्हणाला. "कोरा नमुना बघू."

कोरा नमुना म्हणजे प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी. त्यात काहीच नसतं, म्हणून त्याच्याशी ताडून पाहायचं. तेही चाळीस लिटर त्याच नळीतून सोडलं. पडद्यावर पुन्हा सुळका आला, थोडा बुटका.

त्यांनी नळ्या बदलल्या, भांडी बदलली, हातमोजेसुद्धा बदलले. सुळका जाईना. मग प्रयोगशाळेतलं पाणीच दूषित असणार, असं ठरवून केतकी कोरं पाणी शोधायला निघाली. सह्याद्रीच्या कड्यातला झरा. भर पावसाळ्यात पत्र्याला न लागू देता धरलेला पाऊस. मराठवाड्यातल्या खोल विंधणविहिरीचं, माणूस शेती शिकण्याआधी जमिनीत मुरलेलं पाणी. शेवटी ओळखीतून हिमालयातल्या जुन्या बर्फाचे ठोकळे मागवले. प्रत्येक वेळी पडद्यासमोर ती हात जोडल्यासारखी बसे आणि प्रत्येक वेळी रेघ उठे. झऱ्याच्या पाण्यातली तर कांदळवाडीपेक्षा उंच निघाली.

"कदाचित बर्फ काढतानाच्या हत्यारावर लेप असेल," रईस म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं: बिनलेपाचं हत्यार आता मिळणार कुठून?

मुंबईत पिण्याच्या पाण्याचे निकष ठरवणाऱ्या राज्य समितीची बैठक भरली; केतकी तिची सदस्य होती आणि रईस सोबत आला होता. अध्यक्ष विदुला माटे शांत, अभ्यासू बाई होत्या. त्यांनी केतकीला मधेच तोडलं नाही. कारखान्यांचा वकील एकच वाक्य बोलला, "जे सगळीकडे आहे ते आमचंच आहे, हे कशावरून?" आणि खाली बसला.

माटेबाईंनी चष्मा काढला. "डॉ. सरमळकर, चाळीसऐवजी चारशे लिटर घेतले, तर आणखी काही सापडेल?"

"सापडेल."

"आणि चार हजार घेतले तर?"

"आणखी सापडेल."

"उद्या घराघरातली यंत्रं मोठ्या नमुन्यावर चालवायचं ठरवलं, तर प्रत्येक दिवा तांबडा होईल. त्या लोकांना मी कुठलं पाणी प्या म्हणून सांगू? तुम्ही मला एक बाटली दाखवू शकता?"

झरा, पाऊस, बर्फ, सगळं केतकीच्या डोळ्यांसमोरून गेलं. "नाही," ती म्हणाली.

ठराव दोन ओळींचा होता. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीसाठी प्रमाण नमुना एक थेंब. त्याहून मोठ्या नमुन्यावरचे निष्कर्ष ग्राह्य धरले जाणार नाहीत. एकेक करत हात वर झाले. केतकीला दिसत होते कोट्यवधी ओटे, कोट्यवधी तांबडे दिवे आणि त्यांच्यासमोर रिकामी कळशी घेऊन उभी असलेली माणसं. तिचाही हात वर गेला.

जिन्यात रईस तिच्यापुढे भरभर उतरत गेला. तिने हाक मारली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आठवडाभराने ती कांदळवाडीला गेली. जायची गरज नव्हती. निकाल लेखी कळवून चाललं असतं. ऊर्मीला आता बसताही येत नव्हतं. सुगंधा तिला मांडीवर आडवी घेऊन पेज भरवत होती.

"सापडलं?" तिने विचारलं.

"सापडलं. सगळीकडेच. माझ्या घरच्या पाण्यातसुद्धा."

सुगंधाचा चमचा थांबला. "मग तुमची पोरं बरी कशी?"

याचं उत्तर केतकीला इथे येताना गाडीतच सुचलं होतं. "तुम्ही खाडीतल्या शिंपल्या, तिसऱ्या खाता. ती शिंपली दिवसभर खाडीचं पाणी अंगातून गाळत असते. मी नळीने केलं तेच ती करते. तुमच्या मुलांच्या पोटात खाड्याच्या खाड्या गेल्यात. आमची मुलं नुसतं पाणी पितात. त्यांना वेळ लागेल."

"म्हणजे लागेल."

"यंत्राला एक थेंब पुरतो, असं ठरवता येतं, सुगंधाताई. अंगाला ठरवून देता येत नाही. आपण जन्मभर जेवढं पाणी पितो, तेवढा आपला नमुना."

ऊर्मीने घास गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं. सुगंधाला ते दिसलं नाही. बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं.

"हे तुम्ही त्या बैठकीत सांगितलंत?"

"हे तेव्हा सुचलं नव्हतं. पण पाण्याचं सगळं सांगितलं."

"आणि तरी त्यांनी थेंबच ठरवला?"

केतकी खोटं बोलू शकली असती. "आम्ही ठरवला," ती म्हणाली. "मीपण हात वर केला. नाहीतर घरोघरचा दिवा तांबडा झाला असता, आणि प्यायला दुसरं पाणी नव्हतं."

सुगंधा ओरडली नाही. तिने मुलीच्या हनुवटीवरची पेज पदराने टिपली आणि तिचा थरथरता पंजा आपल्या मुठीत घट्ट धरला, जणू तेवढ्याने तो थांबणार होता. मग मान वर करून, शेजारणीला विचारावं तितक्या साधेपणाने तिने विचारलं,

"सगळ्यांना एकदम कळलं असतं, तर सगळ्यांनी मिळून काहीतरी शोधलं नसतं का, मॅडम?"