अबोलीची गोळी कुठे अडली?

रक्ततपासणीचा निकाल पाहून आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता. अबोलीचा विषाणूभार (रक्तात विषाणू किती आहेत याचं माप) वाढला होता.

"गोळी चुकवतेस का गं?"

"नाही."

"एखाद्या दिवशी विसरली असशील."

"नाही म्हटलं ना, आजोबा!" अबोलीचा आवाज चिरकला. ती उठली आणि बाहेर कठड्याशी जाऊन उभी राहिली.

जिकडे बघावं तिकडे पाणी. देवगडचा किनारा इथून पुसट रेघेसारखा दिसायचा. तिचे आजोबा, डॉ. चेंदवणकर, या तरंगत्या शेतावर समुद्री शेवाळ पिकवत आणि त्याच्या पौष्टिक वड्या बनवत. आई गेल्यावर अबोली त्यांच्याकडे राहायला आली.

एचआयव्ही हा विषाणू तिच्या शरीरात जन्मापासून होता. रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच तो हल्ला करतो. रोजची गोळी त्याला वाढू देत नसे, म्हणून अबोली चारचौघींसारखीच धावायची, पोहायची. पण जुन्या शाळेत ही गोष्ट फुटली आणि तिच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. इथे कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. शेतावर बुडी मारून शेवाळ काढणाऱ्या पाणबुड्यांची मुलं सुरुवातीला तिला खेळायला हाका मारत. ती गेली नाही. मग हाकाही थांबल्या. बोलायला उरले होते ते आजोबा. आज त्यांनाही ती खोटारडी वाटत होती.

मागे टकटक पावलं वाजली. खेकड्यासारखे पाय असलेली कुर्ली आली. ती यंत्रमानव होती आणि शेतावरचा दवाखाना सांभाळत असे.

"तू खरं बोलतेस असं धरून चालू," कुर्ली म्हणाली. "म्हणजे गोळी पोटात जाते, पण रक्तात पोचत नाही. कशी घेतेस ते दाखव बघू."

अबोली तिला पंपघराच्या मागे घेऊन गेली. "सकाळी सगळ्यांच्या आधी उठून इथे येते. गोळी आणि आजोबांची वडी एकदमच खाते, वर पाणी पिते."

"उपाशीपोटी? वडी तर जेवताना खायची आहे."

"जेवणघरात सगळे बघतात," अबोली पुटपुटली.

कुर्ली तिला तशीच आजोबांकडे घेऊन गेली. सगळं ऐकून आजोबांनी कपाळावर हात मारला.

"माझ्या वडीत कॅल्शियम आहे, लोह आहे. हे दोन्ही धातू. आणि तुझ्या या गोळीचा स्वभावच धातूला धरून ठेवायचा! विषाणूच्या अवजारात धातूचे कण असतात. त्यांना पकडूनच ती त्याचं काम बंद पाडते."

"मग?"

"मग तिला पोटातच वडीतला धातू भेटला, तर ती त्यालाच चिकटून बसते. असं चिकटलेलं औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही (रक्तात उतरत नाही). रोज घेऊनही तुला ते पुरेसं मिळत नव्हतं."

"वडीनं ताकद येते ना? मग गोळी सोडून वडीच खाऊ?"

"छे! वडी म्हणजे पूरक आहार (जेवणात कमी पडणारी पोषकद्रव्यं भरून काढणारं खाणं). हाडं, रक्त घडवायला ती हातभार लावते. विषाणूला रोखणं तिला जमत नाही. ते काम गोळीचंच."

त्यांनी पडद्यावरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरबाईंना गाठलं. बाईंनी दोन मार्ग सांगितले. सकाळी नुसती गोळी आणि वडी थेट रात्रीच्या जेवणात. किंवा भरपेट जेवताना दोन्ही एकत्र, कारण जेवणासोबत गोळी पुरेशी शोषली जाते.

आजोबा जवळ आले. "मी तुझ्यावर संशय घ्यायला नको होता, बाळा. पहिला मार्ग धरलास तर कुणाला काही दिसणार नाही. तू सांगशील तसं."

पंपघरामागची ती गार जागा आता अबोलीला नको झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताट घेऊन पाणबुड्यांच्या मुलांच्या टेबलावर बसली. अर्धं जेवण झाल्यावर तिनं गोळी काढली.

"कसली गं?" समोरच्या झुलेखानं विचारलं.

"एचआयव्हीची. जन्मापासून आहे मला."

चमचे थांबले. कोपऱ्यातला एक मुलगा ताट उचलून दुसरीकडे गेला. अबोलीनं मान खाली घातली.

"एकत्र जेवल्यानं होतो?" झुलेखानं विचारलं.

"नाही. खेळल्यानंही नाही. आणि औषध लागू पडलं की विषाणू इतका कमी होतो, की तपासणीतही सापडत नाही."

झुलेखा जरा पुढे सरकली. मग अबोलीच्या ताटातल्या हिरव्या वडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हे काय?"

"आजोबांची वडी. चव भयंकर आहे."

झुलेखानं एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "ई! आजोबांना सांग, पुढच्या वेळी यात गूळ घाला."

"तूच सांग," अबोली म्हणाली. "संध्याकाळी ये घरी."

"येते," झुलेखा म्हणाली आणि घाईघाईनं पाणी प्यायली.